स्क्रीन पुसायची ओळ

केजला माझा कॉम्प्युटर क्लास होता तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स करून आलेलो. बसस्टँडसमोर माडीवर तीन कॉम्प्युटर, एक खडखडणारा कूलर आणि बाहेर भला मोठा बोर्ड. गावोगाव एसटीडीचे बूथ निघत होते, केबल घरात शिरत होती, आणि कॉम्प्युटर शिकला नाही तर पोराचं काही खरं नाही, असं आईबापांनी धरूनच ठेवलं होतं. बापाच्या वयाची माणसं मला ‘सर’ म्हणायची. डोक्यात हवा जायला आणखी काय लागतं?

नांदूरघाटच्या बाजूला एका शाळेत इंग्रजी शिकवणारे एक गुरुजी दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटीनं माझ्याकडं यायचे. त्यांनी नुसतं पुस्तक वाचून, फुलस्केप कागदांवर, सी या कॉम्प्युटरच्या भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला होता. शब्दांची परीक्षा घेणारा. इंग्रजी शब्द येणार, खाली चार अर्थ, त्यातल्या बरोबर अर्थाचा नंबर दाबायचा. चुकलेला शब्द थोड्या वेळानं पुन्हा विचारला जाणार. प्रोग्रॅम निळ्या शाईत, शब्द लाल शाईत. आमच्या स्क्रीनवर देवनागरी उमटत नव्हती म्हणून मराठी अर्थ इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. हे शब्द त्यांनी पोरांच्या वह्यांतल्या चुकांमधून वेचले होते, कित्येक वर्षं.

जिल्ह्याच्या गावी एका कॉलेजात मोठी लॅब होती. तिथल्या प्राचार्यांनी गुरुजींना शब्द दिला होता, की प्रोग्रॅम आमच्या मशीनवर चालवून दाखवा, मग दर रविवारी तुमच्या पोरांना लॅब उघडून देतो. गुरुजींच्या शाळेतल्या एकाही पोरानं कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता. गुरुजींचा जीव त्या रविवारांत अडकला होता.

अडचण एवढीच, की आमची मशीन डॉसवर चालणारी आणि कॉलेजची युनिक्सवर. इथं तयार केलेला प्रोग्रॅम तिथं चालत नाही. मूळ लिखाण फ्लॉपीवर न्यायचं आणि तिथल्या मशीनवर नव्यानं कंपाइल करायचं, म्हणजे त्या मशीनला कळेल असं बनवून घ्यायचं. गुरुजींना हे पक्कं ठाऊक होतं. दोन्हीकडं चालेल तेवढंच त्यांनी लिहिलं होतं.

मला ठाऊक नव्हतं. मी त्यांचे कागद टाइप करायला बसलो आणि बघतो तर स्क्रीन पुसायची ओळच नाही! आमच्या कोर्सात प्रत्येक प्रोग्रॅमची सुरुवात त्या ओळीनं व्हायची. का, ते कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. म्हातारा विसरला, असं म्हणून मी मनात हसलो आणि ती ओळ घातली. तिच्यासाठी लागणारी वरची एक ओळ घातली, शेवटी आणखी एक घातली. गुरुजींना सांगितलंसुद्धा नाही. मी उपकार करत होतो ना!

आमच्याकडं प्रोग्रॅम फक्कड चालला. गुरुजींनी स्वतःच तयार केलेली परीक्षा स्वतः दिली आणि मुद्दाम दोन शब्द चुकवले, ते पुन्हा विचारतो का बघायला. विचारले, तेव्हा लहान पोरासारखे हसले.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं कॉलेजात गेलो. प्राचार्य घाईत, उभेच. लॅबमधल्या माणसानं फ्लॉपीतलं लिखाण उघडलं, कंपाइल केलं, आणि स्क्रीनवर चुका आल्या. मी पहिलीच ओळ वाचली. मी घातलेल्या ओळींचंच नाव घेत होती ती मशीन. तसलं काही माझ्याकडं नाही, म्हणत होती. तीन ओळी काढायच्या होत्या. दोन मिनिटांचं काम, आणि ते मला तिथंच कळलं होतं.

लॅबवाला म्हणाला, हे डॉसचं काम दिसतंय, इथं न्हाई चालायचं. गुरुजी हातातले कागद भराभर चाळायला लागले. म्हणाले, “पण हे तर मी घातलंच न्हाई.”

प्राचार्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि मी, लाज वाटते सांगायला, चढ्या आवाजात म्हणालो, “तुमी दिलं तेच टाइप केलंय मी.”

कागद गुरुजींच्या हातात होता. निळ्या शाईत, स्वच्छ. त्यांनी तो पुढं करायचाच अवकाश होता. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, कागदांची घडी केली आणि म्हणाले, “असंल. माझ्याच हातून घातलं गेलं असंल.”

प्राचार्यांनी नकारार्थी मान हलवली आणि निघून गेले. रविवारची लॅब तिथंच संपली.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. मी खिडकीबाहेर बघत होतो. माफी मागायला तासभर होता माझ्याकडं, आणि मी उसाचे ट्रॅक्टर बघत बसलो. त्यांच्या फाट्यावर उतरताना ते म्हणाले, “सर, मनाला लावून घिऊ नका. तुमचा क्लास नवा हाय.” यापेक्षा त्यांनी कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर गुरुजी शनिवारी आले नाहीत. जूनमध्ये त्यांची मुलगी आली, दहावी झालेली, क्लासला नाव घालायला. मी धसकलोच. पण ती गुमान बसली, इतर पोरांसारखं वहीत उतरवून घेऊ लागली. सीचा पहिला तास होता. मी फळ्यावर नेहमीसारखी स्क्रीन पुसायची ओळ लिहिली. हात आपोआप चालला. तिनं पेन थांबवला आणि विचारलं,

“सर, आप्पा म्हणतेत ही ओळ सगळ्या मशीनवर चालत न्हाई. पण सर सांगतील तसंच कर, असंबी म्हणलेत. लिहू का?”

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता.

“लिही,” मी म्हणालो.