जाळ्याला चालते ती जागा

आईच्या कमरेला पट्टा लागला तो आमच्याच बोटीमुळे, पण घरात हे कुणी तोंडावर आणत नव्हतं. पेणच्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठे पडलात का?" आई म्हणाली, "नाय, कामानं हाय." मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. मीही बोटीचं नाव काढलं नाही. डॉक्टर म्हणाले, कमरेला धक्के बसता कामा नयेत, नाहीतर पायापर्यंत जाईल आणि मग ऑपरेशन. आईने शहाण्या मुलीसारखी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डबा घेऊन बोटीत जाऊन बसली.

आमचं गाव खारेपाटातलं, खाडीच्या कडेचं. मिठागरं बंद पडत गेली तशा गावातल्या बायका डोलवीच्या कारखान्यात कंत्राटी कामाला जाऊ लागल्या. कुणी झाडलोटीला, कुणी कँटीनला. रस्त्याने जायचं तर एवढा वळसा पडतो की पहिली शिफ्ट हुकते, म्हणून बाबा त्यांना आपल्या फायबरच्या बोटीतून पोचवत. बोट मूळची मासेमारीची. मोठं इंजिन घेतलं आणि ती वेगात नाचायला लागली. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उडायची, थाडकन पाण्यावर आपटायची, लगेच पुन्हा वर. पाणी आरशासारखं असलं तरी तेच. हळू चालवली तर नाचायची नाही, पण मग उशीर व्हायचा आणि मुकादम गेटवरूनच बायकांना घरी पाठवायचा.

बायकांनी तिचं नाव घोडी ठेवलं होतं. प्रत्येक आपटण्याला कुणीतरी काहीतरी बोलायचं आणि बाकीच्या दात आवळून हसायच्या.

"आज घोडीला पेंड नाय घातली काय?"

"पेंड नको, लगाम घाला."

मी सुट्टीत घरी आले की आईबरोबर तिची पिशवी सांभाळायला जायची. मग सगळ्यांना मीच सापडायची. मी शिकले इंग्रजी माध्यमात, पेणला रामवाडीत मामाकडे राहून, आणि कॉलेजसाठी रोह्याला मावशीकडे राहत होते. शेजारच्या काकी माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणायच्या, "गो, तू बोल तिच्याशी इंग्लिशमधी. आमचा ऐकत नाय ती." मी हसायची. मला चारचौघांत पटकन बोलता येत नाही. मी बघत बसते.

आणि बघता बघता मला दिसलं. संध्याकाळी बाबा मासेमारीला निघत तेव्हा जाळ्याचा ढीग नाळेवर असायचा, बर्फाची पेटीही तिथेच. तेव्हा हीच बोट, याच इंजिनावर, तेवढ्याच वेगात, कपड्यावरून इस्त्री फिरावी तशी जायची. सकाळी जाळं उतरायचं आणि बायका चढायच्या. त्या सगळ्या मधल्या फळीपासून मागे, एकमेकींना चिकटून. पेट्रोलचे कॅनही मागे, इंजिनही मागे. पुढे कुणीच नाही, कारण नाळ ही देवीची जागा. नारळी पौर्णिमेला तिथे नारळ ठेवतात, हळदकुंकू वाहतात. तिथे बाईने बसायचं नाही, पाय लावायचा नाही. असं आजीला सांगितलेलं, तिने आईला सांगितलेलं. पुरुष मात्र नांगर टाकायला चपलेसकट तिथे उभे राहत. जाळं रात्रभर तिथे ओलं पडलेलं असे, त्याला माशांचा वास, कधी मेलेला खेकडा लटकलेला. जाळ्याचा विटाळ होत नव्हता. माझ्या आईचा होत होता.

मागे सगळा भार पडला की पुढचं टोक वर जाणारच. पण धक्क्यावरच्या पुरुषांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला होता. बाबांचा एक मित्र बिडी विझवत मोठ्याने म्हणाला, "बाया बसल्या का बोट नाचते. आमी जातो तवा बघ कशी गुमान चालते. तिला बी कलतं!" सगळे हसले. बाबाही हसले. आई तेव्हा एका हाताने कंबर धरून पायऱ्या चढत होती. त्या हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

बाबांनी काहीच केलं नाही असं नाही. बोट सुधारण्यासाठी ते पेणच्या बाजारातून इंजिनाला लावायचे पंख घेऊन आले. इंजिनाच्या पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या वर दोन बाजूंना बसवायच्या त्या सपाट पट्ट्या. त्याने उड्या जरा कमी झाल्या, थांबल्या नाहीत. मग त्यांनी दगडांनी भरलेल्या गोण्या आणून टाकल्या, त्याही मागेच. "मागनं भार दिला का बसल पान्यात," असं त्यांचं गणित. नाळ आणखी वर गेली. आई दोन्ही तळवे फळीवर टेकून अंग वर उचलून धरायची, म्हणजे धक्का कमरेला न बसता हातांना बसावा. तिची मनगटं सुजली. घरी भाकरी थापताना ती मधेच थांबायची.

एका रविवारी बाबा इंजिन पुसत होते. मी जवळ जाऊन म्हणाले, "बाबा, भार पुढे हवा. कॅन आणि माणसं पुढे. आणि इंजिन मागे झुकलंय, त्याचा कल ठरवणारी पिन एक भोक आत घेतली तर..."

त्यांनी वर बघितलंही नाही. "कालेजात बोटीचा पन शिकवतात काय?"

"जाळं पुढे असतं तेव्हा नाही ना नाचत."

"जाला जाला हाय. बाई बाई हाय. जा, आईला चहा ठेवायला सांग."

मी गेले. आईला चहाचं सांगितलं नाही, स्वतःच ठेवला, आणि उकळून उकळून कडू केला. एवढाच माझा निषेध. रोह्याला परत जाताना गाडी निडी स्टेशनला थांबली तोवर मी मनात बाबांशी तावातावाने भांडत होते, आणि तेही इंग्रजीत. मराठीत मला त्यांच्यापुढे दोन वाक्यं सलग सुचत नाहीत.

मग आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "गंमत सांगू? काल चप्पल पायातनं निघून गेली, मला कलला पन नाय. अनवाणीच चालत गेले गेटपर्यंत." आणि हसली. मला डॉक्टरांचं पायापर्यंत जाण्याचं वाक्य आठवलं. मी मावशीला काही न सांगता बॅग भरली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायका नेहमीसारख्या मागे बसल्या. आईने तळवे फळीवर टेकले. मी चपला काढून हातात घेतल्या, सगळ्यांच्या मधून वाट काढत पुढे गेले आणि नाळेच्या फळीवर बसले.

मागून बाबा ओरडले, "ऊठ तिथनं!"

मी उठले नाही. मी फळीची कड घट्ट धरली.

"ऐकू येत नाय? आईस, तिला उठव!" आईला हाक मारताना ते कधी नाव घेत नसत, 'आईस'च म्हणत.

आई म्हणाली, "माझ्या कमरेत वाकायची ताकद नाय. तुमीच उठवा."

त्यांना माझ्यापर्यंत यायचं तर सगळ्या बायकांना ओलांडून यावं लागलं असतं. कुणी पाय आवरले नाहीत. शिफ्टची वेळ होत होती. शेजारच्या काकी उठल्या, पेट्रोलचा एक कॅन ओढत पुढे आणला आणि माझ्याजवळ बसल्या. "मी तर म्हातारी झाले," त्या मोठ्याने म्हणाल्या, "देवी मला काय करल? आनी केलाच तर इथं कोन रडनार हाय!" हशा पिकला. त्या हशात आणखी तिघी पुढे आल्या.

बाबांनी रागाने इंजिन चालू केलं आणि रागानेच वेग दिला. नाळ वर आली, आणि खाली बसली. बसूनच राहिली. मी पुढच्या आपटण्याची वाट बघत होते. ते आलं नाही. फक्त वळणावर बोट हट्ट करू लागली, नाळ पाण्यात रुतून वळेना, तेव्हा मी वळून म्हणाले, "एक जण मधे जा." एक जण गेली. बोट वळली. मी एवढ्या मोठ्या आवाजात बोलले होते हे मला नंतर जाणवलं.

मागे पाहिलं तर आईचे हात मांडीवर होते. तळवे वर, मोकळे.

परत धक्क्याला लागल्यावर बाबांनी नाळेची फळी बादलीभर पाण्याने धुतली, घासून घासून, मला दिसेल अशी. जाळं उतरल्यावर त्यांनी ती कधी धुतली नव्हती.

पुढच्या वेळी घरी आले तेव्हा गोण्या बोटीत नव्हत्या. इंजिनाची पिन एक भोक आत होती. मी सांगितलेलं सगळं त्यांनी करून टाकलं होतं, कुणी बघत नसताना. धक्क्यावर तोच मित्र विचारत होता, आणि बाबा सांगत होते, "पंख बसवले ना, तवापासनं शांत हाय." मी दोन पायऱ्या खाली उभी होते. त्यांनी मला पाहिलं आणि नजर खाडीकडे वळवली. आई म्हणते, चालते ना बोट, मग झालं, कशाला मनात ठेवतेस. तिची चप्पल आता पायात राहते, तळव्याला जमीन लागते. मला त्याचा आनंद आहे. राग मात्र तसाच आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला नाळेवर गोमूत्र शिंपडलं. पूजेच्या वेळी बायकांना धक्क्यावरच थांबवलं, आम्ही लांबून हात जोडले. दुसऱ्या दिवशी पहाटे फळीवरचं कुंकू अजून ओलं होतं. काकींनी पदराने थोडं कपाळाला लावलं आणि तिथेच बसल्या, बाकीच्याही त्यांच्याजवळ. आई मधल्या फळीवर टेकली, डबा मांडीवर घेतला आणि मागे न बघता बाबांना म्हणाली, "चला आता. उशीर होतो."