मशीनला डोमाजीचं नाव

सन २०२४. नवतपा, उन्हाळ्याचे सगळ्यात तापते नऊ दिवस, लागलेला. शहापुरात आमच्या विणकर संस्थेची निवडणूक झाली. आधीचा अध्यक्ष मी हरलो, डोमाजी अध्यक्ष झाला. त्या दिवसांत कूलरमध्ये पाणी टिकत नव्हतं, किस्से मात्र साचत गेले.

*

आमच्याकडे मागाला विणणाऱ्याचं नाव असतं. हा नत्थूचा माग, तो कवडूचा. म्हणून कोशाच्या, रानातल्या रेशमाच्या साड्या नेटवर विकायला संस्थेत कॉम्प्युटरचं मशीन आलं, तेव्हा त्यालाही माझं नाव लागलं. कवडू! नेटवरच्या पत्त्यात आधी कवडू, मग संस्था. गिऱ्हाइकं तोच पत्ता टाकून दुकान उघडत.

कॉम्प्युटर सांभाळणारी शालू तेव्हाच म्हणाली होती, "काका, पत्त्यात कामाचं नाव ठेवा. 'दुकान' ठेवा. मशीन उद्या बदलन, काम तेच राहीन."

"कवडू काय वाईट आहे?"

"वाईट नाही जी. पण तुम्ही बी एक दिवस बदलसान ना!"

*

डोमाजीने खुर्चीवर बसताच पहिला हुकूम सोडला, "कवडू काढा, डोमा लावा!"

शालू म्हणाली, "लावतो भाऊ. पण जुना पत्ता बी राहू द्या. लोकं तोच टाकतेत. त्याले नव्याकडे वळवून देतो."

"हरलेल्याचं नाव कायले ठेवतं? पुसून टाक!"

पुसलं.

*

संध्याकाळी डोमाजीने मोबाईलवर जुना पत्ता टाकून पाहिला. दुकान उघडलं! जवाहरनगरला जावयाला फोन लावला. तिथे उघडत नव्हतं.

शालूने समजावलं, "नेटवाले जुना पत्ता काही वेळ लक्षात ठेवतेत, कोणी कमी, कोणी जास्त. तो वेळ आधी कमी करा लागते, मग बदल. तुम्ही घाई केली."

डोमाजी माझ्याकडे वळला. "जवाहरनगरातून गेला, शहापुरात अजून बसूनच आहे! ऊठ ना बे!"

मी ओट्यावर बिडी ओढत होतो. उठलो नाही.

*

दुसऱ्या दिवशी जुना पत्ता सगळीकडेच बंद पडला. नवा कोणाला माहीत? ऑर्डरी थांबल्या. डोमाजीने भरल्या बैठकीत शालूला बोट दाखवलं, "तुले काम येत नाही. उद्यापासून येऊ नको!"

शालूचा बाप अंथरुणावर. घर तिच्या पगारावर. तिने डबा उचलला आणि गेली.

*

माग थांबले. डोमाजीचाही थांबला. त्याची बायको पारबता म्हणाली, "लागलं ना नाव? आता भाजीत टाकू का?"

डोमाजी शालूच्या घरी निघाला. तिने दार लावून घेऊ नये म्हणून मलाही सोबत नेलं.

शालू म्हणाली, "येतो. पण पत्त्यात 'दुकान' राहीन. कवडू अन् डोमा, दोन्ही तिकडेच वळतीन. मशीनवर तुमच्या नावाचं स्टिकर लावा, पाहिजे तं हार बी घाला."

"मंजूर. पगार वाढवू का?"

"नको. मले सगळ्यांसमोर काढलं होतं. तेवढं देणं आहे तुमच्याकडे."

सोमवारी सभासद जमले. डोमाजी दारात उभा राहिला, ऊन तोंडावर घेत. हात जोडले आणि मागच्यालाही ऐकू जाईल असं म्हणाला, "शालूबाई, तुमचं बरोबर होतं. चूक माझी. आत या."

शालू आत गेली.