सहावा चॅनल

बायकोला वाटतं, माझ्याबद्दल तिला सगळं ठाऊक आहे. ही एक गोष्ट मात्र तिलाही ठाऊक नाही — कुणालाच नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण आत्ताच उठून जावंसं वाटतंय.

मी कोरगावचा. नोकरी डिचोलीला, खाणीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियनची. पण गावात माझी ओळख साउंडवाला म्हणूनच. रेडिओ उघडून बसायचं खूळ वाढत वाढत अँप्लिफायरपर्यंत आलं, आणि त्या वर्षी मी घरी सहा चॅनलचा क्लास-डी अँप्लिफायर बांधायला घेतला. जुने अँप्लिफायर उचलायला दोन माणसं लागत, आणि वर पापड भाजावा इतके ते तापत. हा नवा प्रकार आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून पुढे पाठवतो, आणि शेवटी तांब्याच्या तारेची एक कॉइल ते तुकडे पुन्हा जोडते. हलका, थंड आणि जोरकस. चार महिने मी त्यातच होतो. जेवतानाही ताटाशेजारी सर्किट असायचं.

तो पहिल्यांदा लागणार होता भजनी सप्ताहाला. आमच्या देवळात सप्ताह नावापुरता, असतं चोवीस तास अखंड भजन. प्रत्येक वाड्याचा पार ठरलेला, म्हणजे पाळी. एक वाडा उठला की दुसरा बसतो, भजन क्षणभरही तुटता कामा नये. आमच्या वाड्याच्या पाराला वासूकाका गायचे, वीसेक वर्षं. दिवसभर काजूच्या बागेत राबणारा माणूस, पण वरचा सूर लावला की अंगणात गप्पा मारणारेही गप्प व्हायचे. देवळाची समिती म्हापशाहून साउंडचा सेट आणणार होती. काकांनीच अडवलं. म्हणाले, "आमचो सुरेश करता मरे, भायलो सेट कित्याक?" माझ्यावर एवढा विश्वास आणखी कुणी टाकला होता? माझ्या वडिलांनीसुद्धा नाही.

कॉइल गुंडाळायला गोल रिंगा लागतात. मी त्या जुन्या कॉम्प्युटरांतून काढल्या होत्या. पाच चांगल्या मिळाल्या, सहावी लहान होती, जास्त भार न पेलणारी. मुंबईहून मागवता आली असती — पण सप्ताह आठवड्यावर आला होता, आणि मला मिरवायची घाई होती. प्रत्येक माइकला स्वतःचा चॅनल, स्वतःचा स्पीकर-बॉक्स, असा माझा थाट. ती लहान कॉइल मी गायकाच्या चॅनलला लावली. पखवाजाला ताकद लागते, माणसाच्या गळ्याला कितीशी लागणार, असं धरून चाललो. सीडी लावून तपासलं, छान वाजलं. काका गातात तसं सीडीवर कुणी गात नाही, हे डोक्यात आलं नव्हतं का? खरं सांगू — आलं होतं.

दुपारी आमचा पार बसला. मंडप भरलेला. काकांनी वरचा सूर लावला आणि त्यांचा बॉक्स गप्प झाला. माझ्यासमोर सहाव्या चॅनलचा लाल दिवा लागला. भार जास्त झाला की चॅनल स्वतःला वाचवायला बंद होतो आणि दोन-तीन सेकंदांनी परत येतो, त्याचा तो दिवा. बाकीच्या बॉक्सांतून झांजा आणि पखवाज घुमत होते. त्या कल्लोळात काकांना स्वतःचाच आवाज ऐकू येईना. ते थांबले. खालून पुन्हा सुरुवात केली, आवाज आला. वर गेले, पुन्हा गेला. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी दुसऱ्या कुणीतरी अभंग उचलला, पण तोवर काही क्षण नुसत्या झांजाच वाजत राहिल्या. काकांनी गळ्याला हात लावला.

आणि मी काय केलं? खांद्यावरचा टॉवेल काढून अँप्लिफायरवर टाकला. दिवा झाकला. समितीचे अध्यक्ष धावत आले, त्यांना म्हणालो, "मशीन बरां आसा. काकांचोच गळो बसलो." इतकं सहज म्हणालो की मलाच आश्चर्य वाटलं. उठून 'थांबा, चूक माझी आहे' एवढं म्हणायला काय लागत होतं?

पुढच्या आठवड्यात मोठी रिंग मागवली आणि दाराला कडी लावून कॉइल बदलली. त्यानंतर तो अँप्लिफायर कधी अडला नाही. मयेपासून धारगळपर्यंत लोक मला बोलावू लागले. मी जात राहिलो.

काका मिठाच्या गुळण्या करत होते. मग म्हापशाच्या डॉक्टरकडे गेले, आणि बसमधून उतरून सरळ माझ्याकडे आले. "डाक्टर म्हणता गळो बरो आसा. मगे तसां कशाक झालां?" विचारलं ते मला, आवाजातलं कळणाऱ्या माणसाला. खरं बोलायची याहून सोपी वेळ कुठली येणार होती? हातातल्या तारेकडे बघत मी म्हणालो, "वय झालां, काका."

वय त्यांना पटलं नाही. गळा बरा, आणि तरी भजन तुटलं — म्हणजे आपल्याच हातून काहीतरी घडलंय, देवाला आपलं गाणं नको आहे, असं त्यांनी धरलं. पुढच्या सोमवारी त्यांनी देवापुढे नारळ ठेवला. आमच्याकडे पुजारी गाऱ्हाणं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो. सारा वाडा आला होता. मीही गेलो, कारण नसतो गेलो तर लोकांनी विचारलं असतं. पुजारी म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या हातसून भजनात खंड पडलो, ती चूक पोटात घाल." काका डोळे मिटून उभे होते. गालांवरून पाणी वाहत होतं. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणालो. पुटपुटलो नाही, शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणालो.

काका पुढे बरीच वर्षं जगले. गायले मात्र नाहीत — घरीसुद्धा नाहीत. सप्ताहाला शेवटच्या रांगेत बसायचे आणि ओठ मिटून टाळीने ताल धरायचे. मध्येच माझ्याकडे वळून हात वर करायचे, साउंड छान लागलाय म्हणून. मीही हात वर करायचो.