निसार मास्तरांच्या आट्यापाट्या

निसार मास्तर मालेगावचे, हातमागवाल्यांच्या घरातले. पंचवटीच्या शाळेत ते चौथीला मराठी शिकवू लागले, तेव्हा निम्मी गल्ली म्हणाली, विणकराचा पोरगा मराठी ती काय शिकवणार. मास्तरांना मात्र स्वतःबद्दल शंका आली नाही. शंका येण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता.

वर्गात त्यांनी गेरूने आट्यापाट्यांच्या तीन आडव्या रेघा आखल्या होत्या. पहिली रेघ भाजीवालीच्या बहिरूने धरायची, दुसरी कुंभाराच्या काळूने, तिसरी विणकराच्या अन्सारने. पलीकडे जायचं तर रेघवाल्याला त्याच्या घरच्या धंद्यातला शब्द द्यायचा. आदल्या दिवशी आलेला शब्द शिळा. सुचला नाही तर त्याच्याकडून नवा घ्यायचा, वाक्यात वापरायचा आणि मुकाट दाराशी परत. शनिवारी फक्त शिळे शब्द, पण अर्थासकट.

छत्तीस साली डेप्युटीसाहेब तपासणीला यायचे ठरले. हेडमास्तर म्हणाले, "निसारमियाँ, तो गेरू पुसा. मागं नुसता गलका ऐकून साहेबांनी एका मास्तराला पार डोंगरात, पेठला धाडलं."

"पेठची हवा चांगली म्हणतात."

"आणि तुमच्या अम्मींच्या डोळ्यांचा डॉक्टर? तो तिथं कुठला?"

मास्तर संध्याकाळी ओलं फडकं घेऊन वर्गात गेलेही. पण उद्या पोरांना काय सांगायचं, ते शब्द काही सुचेनात. त्यांनी फडकं पिळून वाळत टाकलं.

साहेब आले ते ऐन खेळात. त्यांची खुर्ची फळ्याजवळ, तीन रेघांपलीकडे. ते तडक निघाले, तोच बहिरूने हात आडवे केले.

"बाजारातला शब्द द्या, साहेब."

हेडमास्तरांनी डोळे मिटले. मास्तर हाताची घडी घालून उभे राहिले.

"शाक," साहेब म्हणाले.

"असं बाजारात कोणी म्हणत नाय."

"बरं, जुडी."

"ती काल झाली."

"मग हारा, भाजीची मोठी टोपली."

बहिरू बाजूला सरला. साहेबांच्या मिशीत थोडं हसू आलं. पुढं काळू उभा होता.

"चाक."

"शिळं."

"मडकं."

"त्याहून शिळं."

साहेबांनी टोपी काढून डोकं पुसलं. काळूला दया आली असावी. "आवा घ्या. मडकी भाजायची भट्टी. आता वाक्य सांगा आन् दाराशी जा."

साहेब हेडमास्तरांकडे बघत म्हणाले, "तुमच्या आव्यात एक मास्तर बरा भाजलाय."

आणि खरोखर दाराशी गेले. तिथूनच उभ्याउभ्या त्यांनी तासभर शब्द विचारले. पोरांनी एकही खाली पडू दिला नाही.

ते गेल्यावर हेडमास्तरांनी भीतभीत शेरेबुक उघडलं. 'शब्दसंग्रह उत्तम. मास्तर याच वर्गावर ठेवावेत. साहेबांची खुर्ची दाराजवळ ठेवावी.'

निसार मास्तरांनी लगेच खुर्ची हलवली. फळ्याजवळ चांगली दोन हात जागा रिकामी झाली. तिथं त्यांनी चौथी रेघ आखली.