मागच्या इमारतीचा पत्ता

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आणि मी न सांगितलेलं काही उरलं असेल, यावर लंडनमध्ये पिनरपासून ईलिंगपर्यंत एकही मराठी माणूस विश्वास ठेवणार नाही. मी जेवायला गेलो की त्या घरातली आमटी गार होते, पोरं सोफ्यावर झोपतात, यजमान घड्याळ बघतात, आणि माझ्या गोष्टीतला कोल्हा तोवर म्हशीएवढा झालेला असतो. साधा लंडनचा कोल्हा, बरं का, आमच्या कचऱ्याच्या बिनमध्ये तोंड घालणारा. मी त्याला व्हिसाचे कागद पळवायला लावलेत. लोक पोट धरून हसतात. मला हसणारी माणसं लागतात — काय करू?

ही गोष्ट मात्र मी फुगवलेली नाही. ही — दाबलेली आहे.

मी ऑफिसांचे फोन सांभाळतो. मोठ्या कंपनीत टेबलाटेबलावर फोन असतात, पण बाहेर पडतात ते सगळे एकाच यंत्रणेतून. त्यामुळे कुणी ९९९ — इथला ॲम्ब्युलन्स-पोलिसांचा नंबर — फिरवला, तर तो नेमका कुठल्या मजल्यावर बसलाय हे पलीकडच्या ऑपरेटरला आपोआप कळत नाही. यंत्रणेत त्या फोनपुढे जो पत्ता भरलेला असेल, तोच तिला दिसतो. आणि तो भरायचा कुणी? मी.

आमच्या दोन इमारती होत्या. एक हमरस्त्यावर, दुसरी मागच्या गल्लीत, आणि मध्ये रेल्वेलाइन — म्हणजे गाडीला भलामोठा वळसा. एका वीकेंडला आम्ही अख्खं अकाउंट्स पुढून मागे हलवलं. फोनचं बरं असतं. उचलायचा, नव्या टेबलावर नेऊन लावायचा, जुना नंबर सुरू. पत्ता मात्र आपल्या पायांनी चालत येत नाही. तो एकेका फोनचा हाताने बदलावा लागतो. कंटाळवाणं काम हो! आणि त्या संध्याकाळी मंडळाच्या कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडे होतं. मॅनेजरने विचारलं, "ऑल डन?" मी म्हटलं, "ऑल डन." सोमवारी करू, असं मनाशी म्हटलं. सोमवार आले नि गेले. फोन वाजत होते ना? मग?

अकाउंट्समध्ये वसुधाताई होत्या. मूळच्या नागपूरच्या, माझ्याहून पुष्कळ मोठ्या, डब्यात माझ्यासाठी एक जास्तीची पोळी आणणाऱ्या. त्यांच्या शेजारच्या टेबलावर डेरेक — जाडा, गुलाबी, लोणच्याची फोड खाऊन डोळे पुसणारा आणि पुन्हा मागणारा. एका दुपारी डेरेक खुर्चीवरून खाली कोसळला. त्या इमारतीत मोबाइलला रेंज नव्हती. ताईंनी टेबलावरचा फोन उचलला.

ऑपरेटरने समोर दिसणारा पत्ता वाचून दाखवला — पुढच्या इमारतीचा, दुसरा मजला. आणि बरोबर आहे का, म्हणून विचारलं. ताई एका हाताने डेरेकची कॉलर सोडवत होत्या. वर्षानुवर्षं कागदांवर त्यांनी तोच पत्ता लिहिलेला. मागच्या इमारतीतही बसायच्या त्या दुसऱ्याच मजल्यावर. त्या म्हणाल्या, "येस, येस, प्लीज कम."

ॲम्ब्युलन्स आली. पुढच्या इमारतीत. दुसऱ्या मजल्यावर रिकामी टेबलं आणि गुंडाळलेला गालिचा. मग विचारपूस, मग वळसा. डेरेक गेला. लवकर पोचले असते तर वाचला असता? कदाचित. डॉक्टर एवढंच म्हणाले — कदाचित.

आणि मी काय करत होतो? लोक खाली एकमेकांच्या खांद्यावर रडत होते, तेव्हा मी लॅपटॉप उघडून एकेक पत्ता बदलत होतो. इतक्या सोमवारांचं काम एका दुपारीत झालं. हात थरथरत होते असं लिहिलं तर शोभून दिसेल. नव्हते थरथरत. सराईतपणे चालत होते.

चौकशी झाली. मी यंत्रणा उघडून दाखवली — मागची इमारत, दुसरा मजला, सगळं चोख. "मग ऑपरेटरकडे पुढचा पत्ता कसा?" एकाने विचारलं. "त्यांच्याकडे जुना राहिला असेल," मी म्हणालो. "म्हणून तर ते विचारून खात्री करतात." थापा मारण्यात माझा हात कोण धरणार? मग त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. येस, येस. झालं. ताईंना कुणी दोष दिला नाही. इकडे दोष देत नाहीत; "अंडरस्टँडेबल" म्हणतात, आणि मग ती बाई किचनमध्ये आली की बोलणी थांबतात.

अजून आहे. स्टॅनमोरला एका घरी गप्पा रंगल्या आणि मी — मी ताईंच्या त्या फोनची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. पण आवाज नागपुरी काढला. माझ्या गोष्टीत त्या बाईने ॲम्ब्युलन्स पार स्कॉटलंडला धाडली होती. काय हसले लोक! एकजण म्हणाला, "अरे, थांब रे, ठसका लागला!" मी थांबलो नाही.

ताईंनी नोकरी सोडली. मी भेटायला गेलो. का गेलो? त्यांना काही संशय आलाय का, ते बघायला. त्यांनी पोहे केले होते. मी खात असताना समोर बसून म्हणाल्या, "मिलिंद, तू तर याच कामातला आहेस ना बाप्पा. खरं सांग. मी हो म्हटलं नसतं, तर डेरेक वाचला असता ना?"

एवढं सोपं कुणी कधी विचारलं नव्हतं. तोंडात घास होता. मी तो सावकाश गिळला.

"ताई, घाबरल्यावर कुणाचंही चुकतं," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "बरं झालं, तू तरी खरं बोललास. बाकी सगळे उगाच समजूत घालतात."

आणि त्यांनी मला आणखी पोहे वाढले. मी खाल्ले.

वसुधाताईंचं काहीही चुकलं नव्हतं. हे आता तुम्हाला माहीत आहे. त्यांना नाही.