उस्मानपुऱ्यातलं ऊन

संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातलं, आम्ही पूर्वीच विकलेलं घर दिवाळीनंतर पाडणार, असं मावशीनं फोनवर सांगितलं. वेरूळजवळच्या एका हॉटेलचे फोटो काढायचं काम मी किती दिवस टाळत होते. त्याच दिवशी हो म्हणून टाकलं.

मी डिझाइन शिकले आणि इमारतींचे फोटो काढू लागले. दिवसभर रेषा सरळ करत बसायचं, असला धंदा.

पुण्याहून पहाटेची बस घ्या, नगरला पोटभर खा. संभाजीनगरच्या बसस्थानकाबाहेर वेरूळची शेअर जीप मिळते. भाडं आधीच विचारून घ्या. मंगळवारी लेणी बंद. कैलासावर ऊन उतरतं ते दुपारनंतर, म्हणून मी रात्री मुक्काम करून सकाळी हॉटेल उरकलं आणि मग लेण्यात जाऊन बसले. संध्याकाळी शहरात येऊन नान-खलिया हाणला. तरी जीव सगळा दुसऱ्या दिवसात, उस्मानपुऱ्यात अडकलेला.

माझे वडील, आप्पा, नोकरीत जन्मभर साहेबांचे नकाशे काढायचे. स्वतःच्या मनानं आखलेलं हे एकच घर. व्हरांड्याला त्यांनी सिमेंटची जाळी केली होती. सकाळी तिच्यातून शहाबादी फरशीवर उन्हाची फुलं पडायची आणि त्यात बसून आम्ही चहा प्यायचो. आप्पा गेले, तेव्हापासून मला तो एक फोटो हवा होता.

दार उघडलं ते गंगापूरकडच्या काकूंनी, आताच्या मालकीणबाईंनी. त्यांना मी आप्पांचं आणि त्या उन्हाचं सांगितलं. फरशी तीच, जाळी तीच. ऊन मात्र नव्हतं.

"समोरची बिल्डिंग झाली तवापासून ऊनच नाय येत, ताई," काकू म्हणाल्या. "आधी लई झ्याक पडायचं."

माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असणार. फाटकाच्या कोपऱ्यात मात्र उन्हाचा एक पट्टा उरला होता.

"काकू, घरात मोठा आरसा आहे का?"

"हाय की, कपाटाचा. काढू?"

काकूंच्या यजमानांनी आरसा काढून दिला. काकू तो घेऊन कोपऱ्यात उकिडव्या बसल्या आणि मी आतून ओरडू लागले, वर, अजून जरा डावीकडे! एकदाची जाळी उजळली. पण ऊन खालून आलेलं, त्यामुळे फुलं फरशीवर न पडता छतावर गेली. तीही थरथरत होती.

"हलू नका, काकू!"

"हात भरून आला वं माय! पडलं का तुमच्या आप्पांचं ऊन?"

"पडलं," मी म्हणाले, आणि मला रडू आलं.

हॉटेलवाल्यांना फोटो पसंत पडले. उस्मानपुऱ्याचा हलला आहे. कॉलेजात सरांनी तो पुन्हा काढायला लावला असता. मी तो स्वयंपाकघरात लावलाय. सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर बसते आणि नजर आपसूक खाली, फरशीकडे जाते. आमच्या या फरशीवर काहीच पडत नाही.