खर्ज

"अण्णा, हात ठेव! दोन्ही हात ठेव!" मी ओरडत होतो. ते साऱ्या गल्लीला ऐकू जात होतं, फक्त अण्णाला नाही. माझा हा थोरला भाऊ जन्मभर ढोलकी वाजवून आता ठार बहिरा झाला आहे.

खर्ज कानाने नाही, छातीने ऐकायचा, असं तोच म्हणायचा. म्हणून मी हॉलमध्ये बेसच्या स्पीकरसाठी प्लायवूडचा खोका ठोकायला घेतला. तो इतका वाढला की बायको म्हणाली, "आता आपण यात राहू आणि घर भाड्याने देऊ."

त्यावर अण्णाच्याच ढोलकीची जुनी कॅसेट लावली. पातेली फळीवरून उतरून नाचली, समोरच्यांच्या दुधाचं म्हणे उभ्या उभ्या दही झालं. अण्णाचे तळवे खोक्यावर होते. बोटं जराशी हलली. ती त्याने हलवली की खोक्याने, ते कळेना. माणसाचे कान मिटले तरी त्यांच्याखाली कुठेतरी एखादं दार उघडं असेल, या आशेवर आपण किती ठोकाठोक करतो.

हवेत ढोलकी वाजवून मी खुणेने विचारलं, कोण वाजवतंय?

"लाकूड हलतंय," अण्णा म्हणाला.